आधी पाणी, मग शेरा

राजेहो, किस्से कोणी जमवत नाही. ते आपोआप साठतात. आमच्या सरकारी जीपच्या मागच्या सीटखाली सत्तारभाईने कधी झाडू मारला नाही. एकदा ती सीट उचलली, तर खाली बिड्यांची थोटकं, संत्र्याची सालं, एका पायाची चप्पल आणि कुठल्याशा कंत्राटदाराने दिलेला सुकलेला नारळ निघाला. कोण कधी ठेवून गेलं, पत्ता नाही! माझ्या डोक्याचंही तसंच झालंय. चहा पिता पिता कोणी नुसता 'ठेकेदार' हा शब्द काढला, की सीट उचलली जाते आणि खालून वानखडे साहेब निघतात.

ज्यांना ठाऊक नाही, त्यांच्यासाठी आधी थोडं सांगतो. नवं राज्य झालं होतं. गावोगाव शाळा आणि दवाखाने बांधणं जोरात सुरू होतं. सरकारने मोठ्या कंत्राटदारांना एक अट घातली. बांधकाम तुम्ही घ्या, पण त्यातलं काही काम त्याच भागातल्या लहान कारागिराला द्या. दारं-खिडक्या सुताराला, गज लोहाराला, विटा लहान भट्टीवाल्याला. टेंडर भरताना सगळे कबूल! हात जोडून कबूल! एकदा काम पदरात पडलं, की कारागीर कोण आणि आपण कोण! मग कागदावर लोहार म्हणून मेहुणा आणि सुतार म्हणून साडू.

हे पकडायला अमरावतीला राजापेठेत भाड्याच्या खोलीत आमचं हापिस होतं. माणसं तीन. निरीक्षक वानखडे साहेब, ड्रायव्हर सत्तारभाई आणि कारकून मी. मला सगळे 'बाबू' म्हणत. शिपाई मंजूर नव्हता, म्हणून व्हरांड्यातला माठ साहेब स्वतः रोज सकाळी नळावरून भरत.

सगळा खेळ साहेबांच्या एका ओळीच्या शेऱ्यावर. 'कारखाना चालू आहे' असं लिहिलं, तर त्या कारागिराला काम द्यावंच लागे. 'चालू नाही' लिहिलं, की त्याचं काम गेलं. साहेब सांगत आणि मी लिहीत असे.

आणखी एक गोष्ट आत्ताच सांगून टाकतो, पुढे लागेल. साहेब बडनेऱ्याकडच्या एका खेड्यातले. छप्पन साली घरादारासकट बौद्ध झालेले. नोकरी सरकारी आणि कपडे कडक इस्त्रीचे. पण वऱ्हाडातली जुनी माणसं इस्त्री पाहत नसत, आडनाव आणि गाव विचारत.

* * *

माझी पहिली तपासणी धामणगाव रेल्वे या गावची. शाळेच्या खिडक्यांना लागणारे गज तिथल्या एका 'लोहारी कारखान्यात' तयार होतात, असं भय्यासाहेब कंत्राटदारांनी लिहून दिलं होतं. हे भय्यासाहेब आमच्या भागातले सगळ्यात बडे ठेकेदार. पांढरं धोतर, अत्तराचा फाया आणि जिभेवर कायम साखर.

आम्ही पोचलो तर काय थाट! दारावर नवी पाटी, आत भाता फुसफुसतोय आणि चार माणसं धडाधड घण घालतायत. मी खूश. म्हटलं, पहिल्याच दिवशी चांगला शेरा लिहायला मिळणार.

साहेबांनी ना भट्टी पाहिली ना गज. ते एका खोक्यावर बसले आणि म्हणाले, "पाणी द्या."

घण थांबले! चौघे एकमेकांकडे पाहू लागले. भय्यासाहेबांच्या मुनीमजींनी डोळे वटारले, तसा एक जण बाहेर पळाला आणि स्टेशनावरून गोटीची सोडा बाटली घेऊन आला.

"सोडा नको. पाणी."

"येऊन राहिलं साहेब, येऊन राहिलं!"

ते काही आलं नाही. साहेब उठले आणि मला म्हणाले, "लिहा. कारखाना चालू नाही."

जीपमध्ये मी विचारलं, "साहेब, घण तर चालू होते ना?"

"बाबू, धामणगावच्या उन्हात लोखंड तापवणारा माणूस पाण्यावाचून किती वेळ टिकेल? पाटी एका रात्रीत लागते, भाता भाड्याने मिळतो. पण जिथे माणसं खरंच घाम गाळतात, तिथे माठ असतो."

सत्तारभाई स्टेअरिंगवर हात आपटून म्हणाला, "आन् ते चारी स्टेशनावरचे हमाल होते साहेब! एकानं तर मागच्या महिन्यात माही ट्रंक उचलली होती!"

मी साहेबांकडे पाहतच राहिलो. ढीगभर फायली वाचून जे कोणाला कळत नव्हतं, ते या माणसाने एका गिलासात पकडलं होतं!

* * *

खरा कारखाना कसा असतो, ते अकोल्याला करीमचाचा लोहाराकडे कळलं. टिनाचं छप्पर, आत आग आणि बाहेरही आग. अकोल्याचा मे महिना ज्याने पाहिला आहे त्याला सांगायला नको. कोपऱ्यात ओल्या पोत्यात गुंडाळलेला एक काळपट माठ, एका बाजूने लिंपलेला.

साहेबांनी मागायच्या आधीच चाचाने जर्मन धातूचा पेला भरून पुढे केला. "पहले पानी साहब, बाद में सरकार!"

साहेब प्यायले. घुटका घुटका, अगदी निवांत, मैफलीत बसल्यासारखे. मी इकडे घामाने निथळतोय आणि हे पेला काही संपवत नाहीत. शेवटचा घोट घेतला आणि म्हणाले, "लिहा. कारखाना चालू आहे."

परतताना मी चेष्टेत म्हटलं, "साहेब, पाणी पिता की दूध पिता?"

साहेब हसले. "शाळेत असताना आम्हाला वरून ओंजळीत ओतायचे बाबू. शिपाई आला तर पाणी, नाही आला तर नाही. आणि ओतायचा घाईत. भराभर प्यावं लागे, नाहीतर अर्धं कोपरावरून खाली. तेव्हाच ठरवलं होतं, मोठा झालो की हळूहळू पिईन."

एवढंच बोलले आणि बाहेर कपाशीच्या उजाड वावरांकडे पाहू लागले. मला पुन्हा चेष्टा सुचली नाही. आवाजात ना राग ना रडगाणं. एवढं मोठं दुःख एवढ्या साध्या निश्चयात बसवलेला माणूस मी तोवर पाहिला नव्हता, आणि खरं सांगतो, नंतरही फार पाहिले नाहीत.

* * *

त्याच उन्हाळ्यात पुंजाजी मिस्त्री हापिसात आले. हिवरखेडचे सुतार. साठीचं वय, पिळदार मिशा, कानावर पेन्सिल. एसटीच्या दोन गाड्या बदलून आले होते. खुर्ची दिली तर बसले नाहीत, दाराच्या चौकटीला हात लावून उभे राहिले. चौकट कुठल्या लाकडाची आहे, तेच चाचपत असावेत.

"साहेब, भय्यासाहेबानं तेल्हाऱ्याकडच्या शाळाईचं काम माह्या नावावर घेतलं. दारं-खिडक्या पुंजाजी करीन, असं लेहून देल्लं. आता म्हनते, पुंजाजीचा कारखाना बंद हाय! मंग माहे पोट्टे रंधा काय हवेवर मारून राहिले काय?"

डाव सरळ होता. त्या भागात सुताराचा दुसरा कारखाना नव्हता. पुंजाजींचा बंद ठरला, की भय्यासाहेबांची अटच माफ. सगळी दारं त्यांच्या मेहुण्याच्या आरागिरणीत.

"काम नाही भेटलं तं पोट्टे अकोल्याले मिलमंधी जातो म्हनतेत," पुंजाजी म्हणाले. "माह्या बापाचे हत्यारं हायेत साहेब. ते कोनाच्या हातात देऊ?" आणि त्यांनी तोंड वळवलं.

साहेब म्हणाले, "मी येऊन पाहीन." मग मला म्हणाले, "बाबू, मिस्त्रींना पाणी द्या."

मी व्हरांड्यातल्या माठातून गिलास भरला. पुंजाजींनी गिलासाकडे पाहिलं, माठाकडे पाहिलं. तो माठ कोण भरतं, हे राजापेठेत सगळ्यांना ठाऊक होतं, आणि चौकातल्या हॉटेलवाल्याने त्यांना ते सांगूनही ठेवलं असणार.

"नोको बाबू. मी घरून पिऊन आलो."

हिवरखेडहून! मे महिन्यात! दोन एसट्या बदलून! ओठ तर असे सुकले होते, की जीभ फिरवल्याशिवाय शब्द फुटत नव्हता. मी गिलास घेऊन तसाच उभा. साहेब मान खाली घालून लिहीत राहिले. मग मीच तो गिलास पिऊन टाकला.

* * *

'पाणी द्या'ची बातमी ठेकेदारांत पसरायला वेळ लागला नाही. पुढच्या खेपेला भय्यासाहेब स्वतः आम्हाला बडनेऱ्याजवळच्या 'लहान' वीटभट्टीवर घेऊन गेले. बघतो तर काय, दारातच माठांची रांग! लाल, नवेकोरे, प्रत्येकावर झाकण आणि झाकणावर चकचकीत गिलास. लग्नाचा मांडव वाटावा!

"घ्या साहेब, पाहिजे त्या माठातलं घ्या!"

साहेबांनी एका माठातलं पाणी तोंडात घोळवलं. मग खाली वाकून माठाच्या बुडाखालची माती बोटाने उकरली. भुरभुर उडाली.

"भय्यासाहेब, पाण्याला ओल्या मातीचा वास आहे आणि खालची माती कोरडी. हे माठ आज सकाळचे आहेत."

"आता नवा माठ घेनं हा बी गुन्हा हाय काय साहेब?"

"मुळीच नाही." साहेब माझ्याकडे वळले. "लिहा. माठ चालू आहेत. कारखाना नाही."

सत्तारभाई जीपच्या मागे जाऊन हसला. एवढा, की त्याला ठसका लागला आणि पाणी प्यायला तो भय्यासाहेबांच्याच माठाकडे धावला.

* * *

एकदा दर्यापूरकडून येताना जीप तापली. बॉनेटमधून वाफ निघाली. जीपला टांगलेली कॅनव्हासची पाण्याची पिशवी तोवर आम्हीच रिकामी केलेली. रस्त्याकडेच्या विहिरीवर एक बुढी पाणी शेंदत होती. सत्तारभाईने हाक मारली.

"मावशी, गाडी तहानलीय वो!"

"अगं माय! पाज बावा, पाज तिले." आणि बुढीने बादलीवर बादली दिली. जीपने पोटभर पाणी ढोसलं. मग बुढीचं लक्ष साहेबांकडे गेलं. "हे साहेब कोन होयेत? कोन्या गावचे?"

साहेबांनी सरळ सांगितलं. गाव सांगितलं आणि समाजही सांगितला.

बुढी जराशी थांबली. वाईट नव्हती हो, चेहऱ्यावर माया होती. म्हणाली, "मंग तुमाले वरून टाकतो बापा. ओंजळ करा."

"राहू द्या आजी. गाडीचं भागलं, माझं चालेल."

जीप सुरू झाली. थोड्या वेळाने साहेबच म्हणाले, "सत्तारभाई, या जीपला कोणी गाव विचारलं का?"

"नाही साहेब."

"आम्ही पुढचा जन्म मानत नाही. नाहीतर जीपचाच मागितला असता!"

आणि स्वतःच हसत सुटले. आम्हीही हसलो.

* * *

भय्यासाहेब मात्र हार मानणारे नव्हते. पुढच्या वेळी त्यांनी जुना माठ मिळवला. बुडाला शेवाळ, खाली ओली माती, वर पोतं, सगळं अगदी पाहिजे तसं. ही दुसरी वीटभट्टी. पंधरा-वीस माणसं कामाला लागलेली. साहेबांनी पाणी मागितलं, लगेच आलं. थंडगार! साहेब घुटका घुटका प्यायले. "पाणी छान आहे."

भय्यासाहेबांचा चेहरा फुलला. मी लेखणी उघडून बसलो.

पण साहेब काही उठेनात. बसूनच राहिले. ऊन चढलं, माणसांची जेवायची सुट्टी झाली. भाकरी सोडल्या, जेवले आणि पाणी प्यायला सगळेच्या सगळे वावर ओलांडून पलीकडच्या विहिरीवर निघाले! माठ इथे, हाताच्या अंतरावर!

साहेबांनी एका मजुराला बोलावलं. "अरे, इथे माठ असून विहिरीवर काहून चालले?"

तो चपापला. मुनीमजी मागून खुणा करतायत, याला काही कळेना. "तो माठ साहेबाचा हाय ना जी! सकाळी ट्रकातून उतरलो तवाच मुनीमजीनं बजावलं, माठाले कोनीच हात लावाचा नाही. साहेबाचं पानी बाटीन!"

आणि मग वानखडे साहेब असे हसले, असे हसले, की डोळ्यांतून धारा! चष्मा काढून पुसला, पुन्हा हसले.

"बाबू, ऐकलंत? जन्मात पहिल्यांदा माझा माठ बाटेल म्हणून लोकांना लांब ठेवलं हो!"

भय्यासाहेबांना काही हसू आलं नाही. माणसं ट्रकातून आणली होती, हे तर मजुराच्या तोंडूनच निघालं होतं. शेरा काय लिहिला ते सांगायला नको.

* * *

पण भय्यासाहेब त्या दिवशी एक गोष्ट मात्र घेऊन गेले. साहेब कशाला हसले ती गोष्ट, यांना गावात माठातलं पाणी कोणी देत नाही ही. ती त्यांनी डोक्यात घोळवली असणार, कारण थोड्याच दिवसांनी ते हापिसात आले, हात जोडले आणि साखरेहून गोड आवाजात म्हणाले, "साहेब, आता हिवरखेडले चला. पुंजाजीचा कारखाना तपासा. आन् माही एकच विनंती हाय. तुमच्याच नियमानं तपासा. पानी भेटलं तं चालू, नाही भेटलं तं बंद. जे सगळ्याईले, ते पुंजाजीले!"

मला एकदम घामच फुटला! काय फासा टाकला होता! पुंजाजीने आमच्या हापिसातलं पाणीसुद्धा घेतलं नव्हतं. तो स्वतःच्या माठातलं साहेबांना देणार?

साहेब म्हणाले, "बरोबर आहे. नियम सगळ्यांना एकच."

हिवरखेडला पोचलो तर भय्यासाहेबांची मोटर आधीच उभी. कडुनिंबाखाली पत्र्याचं छप्पर, सागवानाचा वास, पायाखाली भुशाची गादी. पुंजाजींचे दोन जवान पोरगे मोठी करवत ओढत होते. आणि कोपऱ्यात सुबक लाकडी घडवंचीवर ठेवलेला माठ, खाली ओली गार माती. कोणी आंधळाही सांगेल, की इथे पिढ्यान्पिढ्या काम चालू आहे.

साहेब एका ओंडक्यावर बसले. "मिस्त्री, पाणी द्या."

करवत थांबली. पुंजाजींच्या घरच्या बाई दारात आल्या आणि पदर तोंडाशी धरून उभ्या राहिल्या. कुंपणाबाहेर गावची माणसं जमली होती. भय्यासाहेबांनीच जमवली असतील.

पुंजाजी माठाकडे एक पाऊल गेले आणि थांबले. परत फिरले. "साहेब... हॉटेलातून चहा आनतो. पेशल."

"चहा नको. पाणी."

"साहेब, माह्या बापाच्या वक्तापासून..." कुंपणाकडे पाहिलं. पोरांकडे पाहिलं. एका बाजूला पोरांची भाकर आणि दुसऱ्या बाजूला गाव. पाय मात्र जागचे हलले नाहीत.

"लिवा बाबू!" भय्यासाहेब गर्जले. "पानी नाही, कारखाना नाही! साहेबाचाच नियम हाय!"

लपवत कशाला, मला भयंकर संताप आला होता. भय्यासाहेबांचा नव्हे, पुंजाजीचा! मनात म्हटलं, साहेब, लिहून टाका 'चालू नाही'. भोगू द्या त्याला! सत्तारभाई तर बाहेर जाऊन जीपच्या टायरला लाथा घालत होता.

साहेब उठले. माठापाशी गेले. माठाला हात लावला नाही, घडवंचीलाही नाही. फक्त खाली उकिडवे बसले आणि खालच्या ओल्या मातीवर तळवा टेकवला. तसेच थोडा वेळ बसले. मग हात रुमालाला पुसला.

"लिहा बाबू. कारखाना चालू आहे."

"आँ?" भय्यासाहेब उसळलेच. "साहेब, तुमी तं पानी प्यालेच नाही! तुमाले पानी भेटलंच नाही!"

"भय्यासाहेब," साहेब शांतपणे म्हणाले, "कारखान्यात पाणी आहे की नाही, एवढंच मी तपासतो. मला मिळतं की नाही, ते तपासायला सरकारने मला पाठवलेलं नाही."

राजेहो, माझ्या अंगावर तेव्हा आला तो काटा आज सांगतानाही येतो. पाहा! मी शेरा लिहिला, पण अक्षर असं वाकडंतिकडं आलं, की मुंबईच्या साहेबांनी नंतर विचारलं, जीपमध्ये बसून लिहिलं काय!

परतीला मी न राहवून म्हणालो, "साहेब, तुम्हाला ठाऊक होतं तो देणार नाही. मग मागितलं काहून?"

"सगळ्यांना मागतो. त्याच्याकडे न मागता उठलो असतो, तर बाट त्याने नाही, मीच मानला असता."

सत्तारभाईने जीप थांबवली, कॅनव्हासची पिशवी सोडून साहेबांच्या हातात दिली आणि पाठ करून उभा राहिला. साहेबांनी ती सगळी रिकामी केली. पण त्या दिवशी मात्र भराभर प्यायले.

* * *

दारं-खिडक्या पुंजाजींनीच केल्या. भय्यासाहेबांना झक मारत द्यावं लागलं ते काम. शाळा तपासायला आम्ही गेलो तेव्हा मी एक दार उघडून पाहिलं, मिटून पाहिलं. कुरकुर नाही की फट नाही. पोरगे मिलमध्ये गेले नाहीत. पुंजाजी मात्र तपासणीच्या दिवशी कुठे दिसले नाहीत. आमची जीप पाहिली की गावाबाहेर जात, असं कोणी सांगे.

पुढच्या उन्हाळ्यात एका दुपारी हापिसाच्या दारात ते उभे. मागे थोरला पोरगा, त्याच्या डोक्यावर पोत्यात गुंडाळलेलं काहीतरी. घामाने दोघांचे सदरे चिकटलेले.

साहेब टेबलाशी लिहीत होते. "या मिस्त्री."

पुंजाजी आत आले नाहीत. पोराकडून पोतं उतरवून घेतलं आणि व्हरांड्यात सोडलं. आतून घडवंची निघाली. सागाची, एक खिळा नाही, नुसत्या खाचांत बसवलेली, पाय कातलेले. हिवरखेडच्या छपरात होती तशीच, फक्त नवी.

आमचा माठ तोवर दोन विटांवर बसायचा. पुंजाजींनी वाकून तो दोन्ही हातांनी उचलला. छातीशी धरला, पाणी सदऱ्यावर हिंदकळलं. घडवंचीवर ठेवला, हलवून पाहिला, डुगडुगत नाही ना याची खात्री केली. मग आत आले आणि खुर्ची ओढून बसले. गेल्या खेपेला नाकारलेल्याच खुर्चीवर.

"साहेब," ते म्हणाले, "पानी द्या."

मी झटकन उठलो. पुंजाजींनी हात आडवा केला.

"तुमी नोका उठू बाबू. साहेबच देतीन."

वानखडे साहेबांनी लेखणी ठेवली. उठले. व्हरांड्यात गेले, झाकण काढलं, गिलास बुडवला. मी दारातून पाहत होतो. गिलास काठोकाठ भरला होता आणि आणता आणता थोडा सांडला. एवढ्या दिवसांत साहेबांच्या हातून पाणी सांडलेलं मी पाहिलं नव्हतं.

पुंजाजींनी गिलास घेतला. वरून नाही ओतला, ओठ लावला. मिशा बुडाल्या. आणि प्यायले घुटका घुटका, कसली म्हणून घाई नाही. थोरला पोरगा दारात, सत्तारभाई पायरीवर. साहेब समोर उभेच.

शेवटचा घोट झाला. पुंजाजींनी गिलास टेबलावर ठेवला, पालथ्या हाताने मिशा पुसल्या आणि माझ्यावर डोळे वटारले.

"पाहून काय राहिले बाबू? लिवा ना! हापिस चालू हाये!"